टेकडीवरची कबुली

नेलिदा : तुमच्या वरच्यांनी माझ्या आईला सुखानं मरू दिलं नाही, फादर. हे आधी ऐका, मग होडीतून उतरा.

फादर बेनिग्नो : उतरू तर दे, नेलिदा. सकाळपासून नदीवर उन्हात आहे.

नेलिदा : असाल. नदी चढली, नदी उतरली, तोवर आई तुमची वाट बघत होती.

लिसार्दो : जाऊ दे गं पोरी. या फादर, हात द्या, फळी निसरडी आहे. कंदाची दारू, मासातो, काढून ठेवलाय तुमच्यासाठी. यंदा कंद गोड निघाले, चढेल जरा जपून.

नेलिदा : पाहुणचार मागाहून, लिसार्दोकाका. तुम्ही गावाची रविवारची प्रार्थना चालवता, म्हणून तुम्हाला गोड बोलावं लागतं. मला नाही.

फादर : आसुंताबाई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या...

नेलिदा : कुठून कळलं?

फादर : आमच्या चर्चच्या पेजवरून. एका फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, की या बाई वारल्या.

नेलिदा : कुणीतरी नाही, मी लिहिलं. झोळीत निजवलेली माझी आई, टेकडीवर, हातात फोन. आणि वर तुमच्या लोकांचं सुभाषित, ‘जिथं होडी पोचत नाही, तिथं कृपा पोचते.’ खाली लाल बदामांचा नुसता खच. होडी पोचत नाही? मग आज कशातनं आलात, पोहत?

लिसार्दो : फोटो मी पाठवला होता, फादर. दर आठवड्याला एक पाठवा, असं चर्चच्या ऑफिसनं सांगून ठेवलंय. त्याचं असं करतील हे मला काय ठाऊक.

फादर : गावोगाव फिरणारी चर्चची होडी मी बंद केली नाही. वरून आलं. पेट्रोल परवडत नाही, त्यापेक्षा कॅमेरे घेऊ, मिस्सेची प्रार्थना फोनवर दाखवू, एका मिस्सेत सगळी नदी येईल, असं ठरलं. आज एका मासेवाल्याच्या होडीतून आलोय, न विचारता.

नेलिदा : नदी आली का तुमच्या कॅमेऱ्यात? काठावर सिग्नल नाही. सिग्नल त्या टेकडीवर. म्हातारी माणसं दर रविवारी धापा टाकत चढतात आणि तुम्ही तळहाताएवढ्या चौकोनातून हात हलवता. मी टेकडीवरून ऑफिसला फोन केला. म्हटलं, आईचं काही खरं नाही, फादरना मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल घेऊन पाठवा. तिकडची बाई मधाळ बोलली. गुरुवारी आजाऱ्यांची प्रार्थना आहे म्हणे, ती लावा आणि खाली पेशंटचं नाव टाका.

लिसार्दो : मग नेली झोळीतनं. हाडंच राहिली होती, पण चढण आहे ना. वाटेत मला म्हणते, लिसार्दो, मेल्यावर उचलायचंच आहे, दोन खेपा कशाला करता.

फादर : असंच बोलायची. सान हुआनच्या सणाला सगळ्यात मोठा हुआने माझ्या पुढ्यात ठेवायची. पान उलगडलं की निम्मी कोंबडी भातात. म्हणायची, खा फादर, लोकांची पापं ऐकायला ताकद लागते.

नेलिदा : तेच ऐकवायचं होतं तिला. तुम्ही पडद्यावर आलात. डोळे रोखून म्हणालात, मनावर ओझं असेल ते आता सांग, मी आहे इथं.

फादर : ‘देव आहे’ म्हणालो असेन.

लिसार्दो : ‘मी आहे’च म्हणालात, फादर. मी शेजारीच होतो.

नेलिदा : तिला वाटलं, तिलाच विचारताय. का वाटू नये? जन्मभर समोर बसून विचारलंत ते तिलाच विचारत होता. तिनं हातानं आम्हाला लांब घालवलं. कबुली आहे, ऐकू नका, म्हणाली. आम्ही नीरफणसाच्या झाडापलीकडं पाठ करून उभे राहिलो. नुसती कुजबुज यायची. एवढं सलग ती कधी बोलली नव्हती.

फादर : मग?

नेलिदा : मग चाक फिरायला लागलं.

फादर : कसलं चाक?

लिसार्दो : नेट गेलं की पडद्यावर फिरतं ते. ढग आला तरी जातं इथलं.

नेलिदा : आईची हाक आली तशी धावले. तुमचं तोंड अर्धवट उघडं, भुवया वर. तसेच थिजलात. मग पडदा काळा. आई म्हणाली, ऐकून गप्प झाला गं. तोंड फिरवून गेला. म्हटलं, आई, नेट गेलंय. नाही म्हणाली, मी त्याचा चेहरा बघितला. माझं पापच तसलं आहे.

(फादर फळीवरच बसतात. लिसार्दो होडीचा दोर धरून उभा.)

नेलिदा : घरी आणल्यावर पाठ करून पडली. पाणी घेतलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. तशीच गेली.

फादर : देवानं ऐकलं, नेलिदा. त्याला सिग्नल लागत नाही.

नेलिदा : मग तुम्ही कशाला लागता? चुलीपुढं बसून मीही देवाशी बोलते. माणसाच्या कानात सांगायचं, माणसाच्या तोंडून क्षमा ऐकायची, हे तुम्हीच शिकवलंत. लहानपणी गुडघे सोलेपर्यंत शिकवलंत.

लिसार्दो : फादर, तिचं थोडं तरी तुमच्या कानावर गेलं असेल का हो? एखादा शब्द? तेवढ्यानंही हिचा जीव थाऱ्यावर येईल.

फादर : नाही रे. ते सोमवारचं चित्रण होतं. आठवड्याभराचं सोमवारीच करून ठेवतो आम्ही. गुरुवारी त्या वेळी मी... जेवून पडलो असेन.

लिसार्दो : म्हणजे तुम्ही नव्हताच.

फादर : नव्हतो.

नेलिदा : आता तर आहात. चला कबरीवर. मातीवर हात ठेवा आणि क्षमा केली म्हणा. मोठ्यानं.

फादर : मेलेल्या माणसाला तो संस्कार देता येत नाही, पोरी. तिच्या आत्म्यासाठी मिस्सा करतो, आजच करतो.

नेलिदा : आणि जिवंत होती तेव्हा फोनवरनं दिला असता तर?

फादर : तोही लागू झाला नसता. समोरासमोरच व्हावं लागतं.

लिसार्दो : हे आम्हाला कुणी बोललं नाही, फादर. सगळी नदी समजून बसलीय, की फोनवर सगळं मिळतं.

फादर : ऑफिसला मी म्हटलं होतं, हे लोकांना स्पष्ट सांगू या. लोक बघायचं सोडतील, म्हणाले.

नेलिदा : ती टेकडी दिसते ना? वर जा. तुमच्या वरच्यांना फोन लावा. विचारा, आसुंता पाइमा सगळं सांगून गेली, आता तिचं पाप कुणाकडं आहे? उत्तर घेऊनच खाली या, फादर. मधेच चाक फिरायला लागलं तर थांबा. आईपण थांबली होती.