मध्येच वाकलेला गालिचा

२००३ साली अमेरिकेत, न्यू जर्सीच्या पार्सिपनीतल्या गालिच्यांच्या दुकानात, रिटर्नच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं.

“सुलेखा, हा मध्येच वाकडा झालाय. हॉलमध्ये कसा टाकणार?”

“हा बलुची आहे. तिकडच्या भटक्या बायका जमिनीत खुंट्या ठोकून माग मांडतात, रवी. तांडा निघाला की खुंट्या उपटायच्या, अर्धा गालिचा गुंडाळायचा, पुढच्या मुक्कामी परत ताणायचा. म्हणून तिथे वाकतो.”

“मग सरळ दुसरा घेऊ ना यार!”

“आपणही ट्रॉयहून उठून इथे आलो. आता पुढे मॉरिसव्हिलला जायचं.”

“प्रोजेक्ट संपला, त्यात माझा काय दोष?”

“दोष नाही रे. पण ट्रॉयला आपण बाळाला पुरून आलो. आपल्या घरात त्याची खूण कुठेच दिसत नाही.”

तो रांगेतच खाली बसला आणि गालिच्याच्या त्या वाकावरून हात फिरवू लागला.

“रवी, लोक बघतायत.”

“बघू देत. ते टोक धर, घरी नेऊ.”