तारखेचा कॅमेरा

कॅमेऱ्यापायी मी एकदा तीन दिवस आजारी पडलो होतो. हसू नका, माझा रजेचा अर्ज अजून दफ्तरात असेल.

तेव्हा फोटोवर आपोआप तारीख छापणारा कॅमेरा नवाच निघाला होता. बीडच्या दुकानदारांनी तो पाहिलाही नव्हता, औरंगाबादेत आला तसा संपला. हैदराबादला मिळतोय असं कळलं आणि मला जुलाब सुरू झाले. म्हणजे अर्जात. लगेच एसटी पकडली. तिथं सात दुकानं पालथी घातली, आठव्यात शेवटचा नग निघाला! दुकानदारानंच तारीख लावून माझा चारमिनारपुढे फोटो काढला.

रोल धुऊन आला तेव्हा आनंद पोटात मावेना. फोटो घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी गेलो.

"साहेब, बघा! कोपऱ्यात तारीख! आपोआप!"

साहेबांनी चष्मा चढवून तारीख वाचली. मग फायलीतून माझा अर्ज काढून फोटोशेजारी ठेवला.

"अप्पा, या तारखेला तर तुमी जुलाबानं अंथरुणाला खिळला होता की."

आता निलंबनच, असं वाटलं. साहेब उठले, दार लोटून आले आणि हळूच म्हणाले, "लई झ्याक हाय. असला अजून एक मिळंल का?"

"शेवटचाच होता, साहेब. शोधायला आठवडा तरी जाईल."

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"मग कावीळ लिहा. जुलाबाला आठवडा देता येत न्हाई."