तोफूच्या पाण्यावरच्या पाकळ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय इवाबुचीसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शेजारच्या गावांहून आलेली हायकू मंडळी, आणि ज्यांचा निरोप घ्यायला कुणाचंच मन तयार नाही त्या आमच्या गुरू तोमिए कुनिएदाबाई,

मी तोगाशी, पुलाजवळचा तोफूवाला. मला भाषण जमत नाही. पण सकाळीच बाई दुकानात येऊन दम देऊन गेल्या, "तोगाशी, परवाच्या बैठकीतली गोष्ट सांगायचीच. नुसती स्तुती केलीस तर मी उठून जाईन." तेव्हा आता ऐकून घ्या.

बाईंनी आम्हाला शिकवलं म्हणजे काय केलं? पहिल्या वसंतात मी मोठ्या ऐटीत चेरीच्या बहराला 'सुंदर' म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "सुंदर आहोत हे फुलांना माहीत आहे. तू कुठे उभा होतास ते लिही." नदीकाठची ती झाडं मी लहानपणापासून बघत होतो, पण खरी दिसली ती त्यानंतर. बाई प्रत्येक कविता दोनदा वाचायच्या आणि मध्ये थोडा वेळ गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याची मला चटक लागली.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या बैठकीत चिठ्ठीवर नाव घालत नाहीत. चिठ्ठ्या मिसळतात, दुसऱ्यांच्या अक्षरात उतरवतात, आणि जो तो आवडलेली कविता निवडतो. स्वतःची मात्र निवडायची नाही. निवडलेली कविता वाचली, की ज्याची असेल त्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं.

परवा बाईंनी सर्वांत वरची म्हणून एक कविता निवडली. दोनदा वाचली. छान गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कुणाची ही? फार दिवसांनी असं काही वाचलं."

कुणीच नाव सांगेना. कविता तोफूची, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी नव्हती हो! मग कुणाची ते माझ्या लक्षात आलं. बाईंना हल्ली विसर पडतो, हे आपण सगळे जाणतो. त्यांची लाज राखायला मी माझं नाव सांगणारच होतो.

"तोगाशी, तोंड मीट," बाई म्हणाल्या. "तोफू ठेवलेल्या पाण्यात चेरीची पाकळी पडली की गिऱ्हाईकाच्या धाकानं तू आधी काढून टाकतोस. तू कशाला असं लिहिशील? माझीच असणार ही." आणि खळखळून हसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा मी माझी कविता परक्यासारखी वाचली. बरी लिहिते की गं मी!"

आम्हीही हसलो. पण घरी परतताना त्या मला म्हणाल्या, "आता बैठकीलाही येत नाही मी. नाव विचारल्यावरची ती शांतता मला सोसायची नाही रे."

बाई, आज सर्वांदेखत सांगतो. गुरूचं आसन सोडा, त्याला आमची ना नाही. पण बैठकीला या, आमच्या रांगेत बसा. तुम्हाला आठवलं नाही, तर तुमचं नाव आम्ही सगळे मिळून सांगू. शांतता होऊच देणार नाही. आणि आपलीच कविता पुन्हा नव्यानं आवडायचं भाग्य आमच्यापैकी कुणाला आहे? मला तर हेवा वाटतो.

परवापासून मी पाण्यातल्या पाकळ्या काढलेल्या नाहीत. गिऱ्हाईकं तक्रार करत नाहीत, उलट पाकळीवाला तुकडा मागून नेतात.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे आभार. आता रीतीप्रमाणे परवाची तीच कविता वाचतो. जिची असेल तिनं नाव सांगावं. नाहीतर सभागृहानं तयार राहावं.

पाकळ्या चार
तोफूच्या पाण्यावर
कुणी न काढी

पाकळ्या चार
तोफूच्या पाण्यावर
कुणी न काढी

…ऐकलंत? मागच्या रांगेपर्यंत पोचलं ना? बाई स्वतःच "तोमिए!" म्हणाल्या. तुमच्या सगळ्यांच्या आधी.

मग गुरुवारी बैठकीत भेटूच, बाई. बाकी माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं उदार मनानं माफ करावं.