माझी मापं माझ्याकडेच

नाही, नाही, तू पुन्हा पहिल्यापासून सांग, आणि ह्या खेपेला जरा हळू. तुझ्या दुकानातून फोन दुसऱ्या कंपनीचा घेतला तर माझे फोटो येतील, नंबर येतील, पण रेकॉर्डिंगं येणार नाहीत? का? त्यांचे काय पाय मोडलेत? — बरं, येतील, पण एकेक करून काढावी लागतील, पुढची मागे होतील, काही उघडतील आणि काही नाही. मग येणार नाहीत असंच म्हण की सरळ!

अरे बाबा, फोटो गेले तरी चालतील. फोटोत आहे काय, नातवंडं जीभ काढून उभी आहेत. माझा सगळा धंदा त्या रेकॉर्डिंगांत आहे. मी कपडे शिवते — कोट, झगे, शाळेचे गणवेश, सगळं. लिहिता-वाचता येत नाही मला, आणि त्यात लाजायचं काय, कात्रीला कुठे अक्षरं लागतात? पूर्वी मी मापं दोऱ्यावर घ्यायची. एका गिऱ्हाइकाचा एक दोरा — खांदा आला की साधी गाठ, छातीला जोडगाठ, कंबरेला मोठी, काहींची तर फारच मोठी — आणि खुंटीला नुसत्या जटा लोंबायच्या. मग लेकाने हा फोन आणून दिला. म्हणाला, आई, माप घेताना तू नुसती बोल, हा ऐकून ठेवतो. आणि ठेवतो की खरंच! तेव्हापासून मापाची टेप हातात, फोन मशीनवर आणि माझं तोंड चालू. अर्ध्या गल्लीच्या कंबरा आहेत ह्याच्या पोटात.

आणि आता हा म्हणतो, पोट भरलं. म्हणजे फोनचं नाही, ते कुठलं तुमचं ढगातलं कपाट आहे ना, ते. मोठं कपाट हवं तर भाडं वाढवा. ठेवायचं ढगात, भाडं मात्र जमिनीवर! आता शाळा उघडतील, सगळी पोरं वीतभर वाढून येतील, आणि नव्या मापाला जागा नाही. बरं, दुसऱ्याचं कपाट लावू म्हटलं तर तू म्हणतोस, लावा, पण त्यात फोनचं सगळं मावत नाही. मावत नाही की मावू देत नाहीत? मला कळतं रे. फोन ह्यांचा, कपाट ह्यांचं, कुलूप ह्यांचं, आणि आत सामान कोणाचं? माझं. सून नांदायला आली नि सासरच्यांनी तिची पेटीच दडवून ठेवली, तर तिने जायचं कुठे? तसं झालंय माझं.

माझ्याकडे बघ. मी गिऱ्हाइकांना कधी बांधून ठेवलं? कधीच नाही. जा म्हणते, खुशाल जा. आता दोऱ्यावरच्या गाठी फक्त मला वाचता येतात, ती गोष्ट वेगळी. ती बँकेतली बाई एकदा म्हणाली, आजी, माझा दोरा द्या, मी समोर शिवून घेऊन बघते. दिला की! तो घेऊन ती बसली, गाठी मोजत. आठवड्याने आपणहून आली परत. — हसतोस काय? त्यात हसण्यासारखं काय आहे? मी माणूस आहे, कंपनी नाही.

समोर म्हणजे सुनेकडे. सांगितलं नाही का? माझ्याच मशीनवर शिकली, माझंच बोट धरून, आणि रस्त्यापलीकडे दुकान काढलं. काढ बाई. वर मला येऊन विचारते, सासूबाई, जुन्या गिऱ्हाइकांची मापं द्याल का, वयस्कर माणसांना पुन्हा उभं करायला बरं वाटत नाही. दर सणावाराला — म्हणजे दर वेळी भेटली की तेच. मी म्हटलं, माझी मापं माझ्याकडेच राहणार. त्यासाठीच तर जुने दोरेही सगळे जाळले आणि ती मापं बोलून फोनमध्ये घातली, की तिच्या हाताला लागायला नको... ते जाऊ दे. तू उघड तो फोन. काय निघतंय ते काढ.

काय? दुसरा फोन? माझ्या खात्यावर? — दुसरा म्हणजे तिचाच असणार. लेकाने दोघींचे एकाच दिवशी आणले, म्हणाला एकच खातं काढू, भाडं एकच पडेल. बरं मग? — म्हणजे मी इथे बोलते ते तिथे जातं? मापं? आणि मापांच्या मधलं? अरे, मधलं पण? अगं बाई! थांब, मी काय काय बोलले... सुनेच्या काजांतून बटण नाही, बैल जाईल, हे बोलले. तिचं दुकान निघालं त्या दिवशी मी पोस्टातल्या बाईंचं माप घेत होते, त्या भलत्या उंच, बोलायला वेळ पुष्कळ मिळाला. ऐकलं असेल का तिने? नसेल. कामं असतात माणसाला.

नावं कसली? रेकॉर्डिंगांवर? मी कुठली नावं घालणार, मला लिहिता कुठे येतं... कोणी लिहिली? प्रत्येकावर? वाच बघू. — ‘पोस्टातल्या बाई, निळा कोट.’ हो, बरोबर, निळाच. पुढचं वाच. — ‘डॉक्टरांचे वडील, डावा खांदा खाली, सासूबाई दोनदा सांगतात.’ सांगावंच लागतं! पुढे. — ‘गणवेश, जुळी मुलं, सासूबाई फार चिडल्यात, शेवटपर्यंत ऐकायचं.’

म्हणजे सगळं होतं तिच्याकडे. होतं तर मग मागायला का येत होती? हातात असून कोणी मागतं का? तिकडे त्या म्हाताऱ्यांना उभं करून नव्याने मापं घेते, मी डोळ्यांनी बघते ना रोज खिडकीतून... वेडी आहे का ही?

त्याच्या खाली काय लिहिलंय? तू वाचलंस मनात, ओठ हलले तुझे. वाच मोठ्याने, मी काय खाते का तुला? — ‘बँकेतल्या बाई. सासूबाई बाही अर्धा इंच कमी बोलल्यात. सांगायचा धीर होत नाही.’

अर्धा इंच. माझ्या मापात.

...पुन्हा वाच. नको. ते शेवटचं तेवढं वाच.

बंद कर. दे इकडे. नाही, काही काढू नकोस, कुठे हलवू नकोस, आहे तिथे, दोघींकडे, राहू दे सगळं. नवा फोनबिन नकोय मला. आणि असा बघत काय बसलास, मागे माणसं उभी आहेत, त्यांना बोलव ना!