दोन घोड्यांच्या मोटरीबाबत पुरवणी जबाब

बंदर चौकी, होन्नावर. दि. १४ नोव्हेंबर २०१७, सकाळी ११.३० वा.

मी शंभू महाबलेश्वर सभाहित, वय ५२ वर्षे, धंदा एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर व थोडी सुपारीची बाग, शिक्षण गोकर्णाच्या पाठशाळेत संस्कृत, राहणार केसूकुर्वे, ता. होन्नावर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी ९.५० वाजता याच बाकावर बसून मी माझी आई मूकांबिका, वय ७८, होडीसह बेपत्ता झाल्याची खबर दिली होती. ती आता मागे घ्यायची आहे, कारण आई समोर बसून चहात बिस्किट बुडवत आहे. हवालदार श्री. फकीरप्पा तळवार यांचे म्हणणे असे की, माणूस सापडले एवढ्याने कागद मिटत नाही, ते हरवले कसे हेही लिहावे लागते. म्हणून हा पुरवणी जबाब.

आमच्या कुर्व्याला, म्हणजे नदीतल्या बेटाला, चारी बाजूंनी शरावती आहे. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पंधरा दिवसांनी पलीकडे न्यावे लागते. आजवर मी वल्ही मारून नेत असे. आषाढात माझा उजवा खांदा धरला. तेव्हापासून सदरा घालण्यासही मदत लागते, वल्ह्याचे तर नावच नको. म्हणून होडीला लहान मोटर घ्यायचे ठरले.

आमच्या कुर्व्यावरील तरवाला, म्हणजे लोकांना होडीने पलीकडे नेणारा, देवू अंबिग, वय अंदाजे ६०, जुन्या मोटरी दुरुस्त करून विकतो. आज सकाळी ८.३० वाजता मी माझी होडी घेऊन त्याच्या धक्क्यावर गेलो. वल्ही देवूच्या पुतण्याने मारली व तो शाळेला गेला. आई सोबत होती. तिला घरी थांब म्हटले असता ती म्हणाली, "बसायचं मला आहे. नवरा मुलगी बघायला जाताना मुलीला घरी ठेवतात का?" हे उदाहरण नीट बसत नाही, पण मी वाद घातला नाही.

देवूने तीन मोटरी दाखवल्या. एक बटणावर सुरू होणारी. तिला बॅटरी लागते, व आमच्या होडीत बॅटरी ठेवली तर आईला ठेवायला जागा उरत नाही. दुसरी आठ घोड्यांची, म्हणजे आठ अश्वशक्तीची. तिची दोरी मी उभा राहून, एक पाय मागच्या फळीला लावून अकरा वेळा ओढली. धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, असे पाठशाळेत शिकलो होतो. या मोटरीने अकरा वेळा धूर दिला, अग्नी एकदाही नाही. पेट्रोलचा वास मात्र सगळीकडे झाला. खांद्यातून जी कळ आली तिचे वर्णन नोंदीस आवश्यक नाही. देवू म्हणाला, "भट्रे, पुरे. मोटर तापायची सोडून तुम्हीच तापलात."

तिसरी दोन घोड्यांची, पाटीभर नारळांएवढ्या वजनाची. तिची दोरी हलकी होती. देवूने तिच्यात चाचणीपुरते, दोन पेले पेट्रोल घातले व सांगितले, "हिला न्यूट्रल नाही. सुरू झाली की निघालीच. बसून ओढायची. आणि ही लाल दोरी मनगटाला बांधा, तुम्ही पडलात तर ओढली जाऊन मोटर बंद होते." हे त्याने तीनदा सांगितले. आईने ऐकले. मीही ऐकले.

श्री. तळवार हे गदगकडचे आहेत व होडीत बसलेले नाहीत. त्यांनी विचारले, गिअर नसलेली गाडी कोणी विकतो कसा. मी सांगितले की, सायकलही तशीच असते. त्यावर ते म्हणाले, सायकल आपण बसल्याशिवाय जात नाही. हे बरोबर आहे.

आई होडीच्या पुढच्या फळीवर छत्री घेऊन बसली. बसून ओढायला खांदा वळेना, म्हणून मी उभा राहिलो. लाल दोरी मनगटावर असताना हात अडकत होता, म्हणून ती सोडून होडीच्या फळीला बांधली. मग मोटर सुरू करायची दोरी ओढली. मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. होडी गेली. मी गेलो नाही.

ही वेळ ९.०५ ची. पाणी छातीभर होते, मी उभा राहिलो, पण चष्मा व खांद्यावरचा पंचा गेला. चष्म्याशिवाय मला नदी व आकाश यांत फरक दिसत नाही. मी देवूला विचारले, होडी कुठे आहे. तो म्हणाला, पुलाकडे. ओहोटी होती. पुलापुढे नदीचे मुख आहे, तेथील लाटांत मोठ्या होड्याही उलटतात. 

देवूने आठ घोड्यांची मोटर आपल्या तरीला, म्हणजे मोठ्या होडीला, चढवून ओढली. मी अकरा वेळा ओढून तिच्यात पेट्रोल भरून ठेवले असल्याने ती सुरू झाली नाही. मग आम्ही बांबूने ती होडी ढकलत कांदळवनातून जाणाऱ्या नदीच्या आतल्या फाट्याने निघालो व येथे आलो. श्री. तळवार यांनी किनाऱ्यावरील गस्तीच्या बोटीला वायरलेस केला, मला आपली कोरडी लुंगी दिली व कपाटाच्या मागे बसवले. मी खबरीवर १०.१५ वाजता सही केली. सही वाकडी आल्याने त्यांनी विचारले असता, खांदा दुखतो असे मी सांगितले.

१०.४० वाजता दारात आवाज ऐकू आला. तो खालीलप्रमाणे.

"साहेब, माझा मुलगा बुडाला. लिहून घ्या."

"अज्जी, आधी बसा. नाव काय मुलाचं?"

"शंभू. वय बावन्न. अंगानं किरकोळ, चष्मा आहे. हुशार आहे हो, पण सगळी हुशारी मानेच्या वर. खांदा धरलाय त्याचा, पोहता येणार नाही त्याला. मी वळून बघितलं तर पाण्यात कोणी नव्हतं. हा पंचा तेवढा मिळाला."

श्री. तळवार यांनी लेखणी उचलली व कपाटाकडे पाहिले.   मी कपाटामागून "आई" असे म्हणालो.

आई कपाटामागे आली. तिने माझ्या अंगावरची लुंगी पाहिली. म्हणाली, "तम्मा, बाळा, ही कुणाची?" मग हातातला ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकून पुसू लागली. पंचा माझ्याहून ओला होता. ती बराच वेळ पुसत होती. श्री. तळवार बाहेर चहा सांगायला गेले.

त्यानंतर आईने सांगितलेली हकीकत अशी. होडी निघाल्यावर ती बसल्या बसल्या एकेक फळी मागे सरकत मोटरीपर्यंत गेली व दांडा धरला. "तो दांडा इकडे ओढला की होडी तिकडे. अगदी याच्यासारखी. एकदा ते कळल्यावर काही कठीण नाही." रेल्वेच्या पुलाच्या खांबाला वळसा घालून ती बाहेरच्या पात्राने धक्क्यावर परत आली. आम्ही आतल्या फाट्यात असल्याने चुकामूक झाली. तेथे पेट्रोल संपले, व पाण्यावर पंचा दिसला. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांनी होडी ढकलत तिला बंदरावर आणले.

श्री. तळवार यांनी विचारले, "अज्जी, ती लाल दोरी ओढली असती तर मोटर तिथंच थांबली असती. देवूनं सांगितलं होतं ना?"

आई म्हणाली, "ऐकलं होतं की. पण बंद केली असती तर पुन्हा सुरू कोण करणार, तुम्ही? माझ्या हातानं ती दोरी हलली नसती, आणि ओहोटीनं मला समुद्रात नेलं असतं. मुलगा पाण्यात आहे, मला परत जायचंय, आणि चालू असलेली मोटर बंद करू?"

श्री. तळवार यांनी हे उत्तर शब्दशः लिहून घेतले. मी तर्कशास्त्र सहा वर्षे शिकलो आहे, आईचे म्हणणे बरोबर आहे.

देवू अंबिग याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. चूक माझी, व ती मी उभ्याने केली. दोन घोड्यांची मोटर आम्ही घेत आहोत. आईच्या अटी अशा: दोरी मी ओढायची, बसून. लाल दोरी माझ्या मनगटाला. दांडा तिच्या हातात.

गस्तीची बोट परत बोलावण्यात यावी, ही विनंती.

वरील मजकूर श्री. तळवार यांनी मोठ्याने वाचला, तो मी व आईने ऐकला. आईच्या सांगण्यावरून एक दुरुस्ती: ती चहात बिस्किट बुडवत नसून ते मोडून मला देत होती. बाकी सर्व खरे व माझ्या सांगण्यासारखेच उतरले आहे. सकाळच्या खबरीवरील सही वाकडी व या जबाबावरील सरळ का, असे विचारण्यात आले. दोन्ही सह्या माझ्याच आहेत. खांदा सकाळी होता तसाच आहे.

सही/-
शंभू म. सभाहित