अपेक्षित उत्तराचा रकाना

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चिटणीस चनबसप्पा हत्तुरे. मुख्याध्यापक कलशेट्टी सर. ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ते गुरुलिंग उंबरजे सर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी कमलम्मा वहिनी. आणि टाचण वहीने पिचलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

शेवटच्या शब्दांना हसलात. हसू दुखऱ्या जागेवरूनच येतं. उद्याच्या पाठाचं टाचण आज काढायचं. डाव्या रकान्यात आपण विचारणार तो प्रश्न, उजव्या रकान्यात मुलाचं ‘अपेक्षित उत्तर’. मूल अजून घरी जेवतंय, आणि त्याने उद्या काय म्हणायचं ते आपण आज लिहून, सही घेऊन मोकळे! माझ्या वहीत तर मागच्या वर्षीच्या मुलांची उत्तरं यंदाच्या मुलांच्या नावावर उतरलेली असत. कुणाची नसत? हात वर करा. एकही नाही. मला वाटलंच होतं.

या खोलीत एकच माणूस असा आहे, ज्याने तो उजवा रकाना कोरा ठेवला. त्याची शिक्षा त्याला झाली. ती देणाऱ्यांत मी होतो. अध्यक्षमहाराज, मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. ते मला आज जमणार नाही, रागावू नका.

नवीन शिक्षकांनी उंबरजे सरांचा वर्ग पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. सर प्रश्न विचारायचे आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घ्यायचे. चष्मा परत नाकावर येईपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, हा वर्गाचा नियम. हुशार मुलं कासावीस व्हायची, पण मागच्या बाकावरच्यांना तेवढ्यात विचार करायला सवड मिळायची. उत्तर आलं, की सर ‘बरोबर’ म्हणत नसत, ‘चूक’ही म्हणत नसत. म्हणत, “तुला कसं कळलं?” एवढंच. मी एकदा त्यांना चिडून म्हणालो होतो, “सर, एका धड्याला आठवडा लावता!” तर म्हणाले, “धडा मला येतोय रे सिद्धाराम. त्यांना यायला किती दिवस लागतात, ते बघतोय.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग. सकाळी गच्चीवर प्रार्थना संपली, की गिरणीचा आठचा भोंगा होतो, हे आपल्या सगळ्यांच्या कानाला पाठ आहे. मायाक्का नावाची एक मुलगी होती. घरी मेंढ्या, आणि वर्गात हिची नजर सदा बाहेर. ती एक दिवस म्हणाली, “सर, भोंगा खोटं बोलतोय. वाफ आदी दिसती, आवाज मागनं येतोय.”

आपण काय केलं असतं? ‘खाली बस’ म्हटलं असतं, किंवा लगेच फळ्यावर ध्वनीचा वेग लिहून दिला असता. सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: ‘भोंगा वाजतो कधी, आणि आपण ऐकतो कधी?’ आणि चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर जत्रा! सरांचं घड्याळ एकाच्या हातात, बाकीच्यांचे डोळे गिरणीच्या चिमणीकडे. वाफ दिसली की ओरडायचं, आवाज आला की ओरडायचं. कुणी मराठीत भांडतंय, कुणी कन्नडमध्ये, कुणी तेलुगूत. एक म्हणतो तीन सेकंद, दुसरा म्हणतो पाच. “अरे, तू पापणी मिटली होतीस!” “तूच मिटलीस, मी तर तुझ्याकडंच बघत हुतो!” “मग चिमणीकडं कोण बघत हुतं?” पंधरा दिवस मोजून चारवर एकमत झालं. आता गिरणी शाळेपासून किती लांब, ते हवं. मायाक्काने मेंढ्यांच्या वाड्यावरचा दोर आणला. सुट्टीच्या दिवशी ही फौज दोर टाकत, खडूने खुणा करत रस्त्याने निघाली. अर्ध्या वाटेवर टांग्याच्या चाकाखाली दोर तुटला.

आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी आली.

साहेबांनी वर्गाला विचारलं, “ध्वनीचा वेग किती?” मुलांनी मायाक्काकडे बघितलं. शेवटी मायाक्का उठली. “साहेब, अजून मोजायचं चाललंय. दोर तुटला.”

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. “म्हणजे येत नाही, असं म्हण.”

“अजून न्हाय आलं,” ती म्हणाली. “आयतवारी गाठ मारून परत जाणार हाय की आमी.”

साहेबांनी टाचण वही मागवली. उजवा रकाना पानोपान कोरा. सरांना विचारलं, हे काय? सर शांतपणे म्हणाले, “मुलांनी उत्तर दिलं, की भरतो.” त्या संध्याकाळी सरांच्या सर्व्हिस बुकात नोंद झाली: ‘वर्गात अध्यापन करीत नाहीत.’

नोंदीला आधार म्हणून सहशिक्षकांचा जबाब हवा होता. दुसऱ्या दिवशी आमच्या वह्या तपासल्या जाणार होत्या, आणि त्या कशा भरलेल्या होत्या ते तुम्हाला मघाशीच सांगितलं. आम्ही सात जणांनी ‘नोंद योग्य आहे’ या वाक्याखाली सह्या केल्या. दुसरी सही माझी आहे. अक्षर सुंदर आलं आहे.

सरांचा वर्ग काढून घेतला. वीस वर्षं शिकवलेला माणूस तीन वर्षं ऑफिसच्या कोपऱ्यात शाळा सोडल्याचे दाखले लिहीत बसला. कमलम्मा वहिनी, परवा तुमच्या घरी चहाला आलो, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, “ह्यांनी पोरास्नी काय चुकीचं सांगितलं हो?” उत्तर सरांनीच दिलं, “काहीच सांगितलं न्हाय गं, तेच चुकलं.” तुम्ही हसलात, सरही हसले. मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो.

कारण तो सातवीचा वर्ग मला मिळाला होता. पहिल्याच तासाला मी सांगितलं, “लिहा. ध्वनीचा वेग सेकंदाला तीनशे बत्तीस मीटर.” अर्ध्या मिनिटात काम झालं. सगळ्यांनी लिहिलं. मायाक्कानेही लिहिलं. मग ती उभी राहिली आणि मला म्हणाली,

“सर, मग दोर घरी न्यू का?”

गाठ मारलेला दोर फळ्यामागे गुंडाळून ठेवलेला होता. मी म्हणालो, “ने.” ती घेऊन गेली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने मला एकही प्रश्न विचारला नाही. पास झाली. चांगल्या गुणांनी पास झाली. माझा उजवा रकाना शेवटच्या पानापर्यंत भरलेला आहे, हवा तर तपासून घ्या. पण गच्चीवर भोंगा आता सगळे नुसते ऐकतात. चिमणीकडे कुणी बघत नाही.

मित्रांनो, आपण त्या दिवशी एका माणसाविरुद्ध सही केली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. मूल ‘अजून नाही’ म्हणू शकतं आणि शिक्षकाने थांबायचं असतं, याच्याविरुद्ध आपण सही केली. या वर्षी रुजू झालेले दोन तरुण शिक्षक मला विचारत होते, रकाना कोरा ठेवला तर काय होतं? त्यांना काय सांगू? उंबरजे सरांचं टेबल दाखवू?

उद्या सकाळी सरांचं सर्व्हिस बुक वरच्या कार्यालयात जाणार आहे. त्याबरोबर आपला जबाबही जाईल आणि कायमचा तिथे राहील. सातांपैकी एक निवृत्त झाले, एकाची बदली झाली. पाच जण या खोलीत आहोत. मी नावं घेणार नाही. आमचा जबाब भीतीपोटी दिलेला होता, तो आम्ही मागे घेतो आणि नोंद रद्द व्हावी, असं पत्र मी लिहून आणलं आहे. या टेबलावर श्रीफळाखाली ठेवलं आहे. पहिली सही माझी झाली. मुख्याध्यापकसाहेब, ते उद्याच्या टपालात घालाल, एवढीच विनंती. अध्यक्षमहाराज, हार पाच मिनिटं थांबवा. आधी सह्या होऊ द्या, मग तो हार सरांच्या गळ्यात शोभेल.

आपण सर्वांनी हे कडू बोलणं ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाचा रंग मी बिघडवला असेन, तर तो दोष माझा एकट्याचा, सरांच्या पदरात घालू नका. कमलम्मा वहिनी, तुमची क्षमा मात्र मी आज मागत नाही. सह्या झाल्यावर मागेन.

सर मला खूण करताहेत, बस म्हणून. बसतो सर. पण तुम्ही चष्मा काढलाय, आणि सोग्याने पुसायला घेतलाय. सही राहिलेल्या चौघांना तो नियम माहीत आहे. विचार करायला तेवढा वेळ आहे. चष्मा नाकावर आला, की उठा, इथे या आणि सही करा. पेन उघडून ठेवलं आहे.