पंपाचा भाव कोन ठरवते?

आमच्या सलीमचाचाले तुमी वळखता. धामणगावाजवळ वांग्याची वाडी हाय त्यायची. मंडीत दलाल भाव सांगते, चाचा मुकाट मान हलवतेत अन् घरी येऊन चाचीच्या शिव्या खातेत.

त्यायनं मोबाइलवरून फवारणीचा पंप मागवला अठराशेले. तिसऱ्या दिवशी पाहतेत तं तोच पंप तेराशेले! लावला कंपनीले फोन.

"माहे पाचशे वापस करा!"

तिकडची पोरगी म्हणे, "सर, भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो."

"कोन बदलते?"

"माहीत नाही, सर. आम्हाला कोण विचारतं? आम्ही फक्त विकतो आणि शिव्या खातो."

चाचा एकदम नरमले. म्हणे, "बेटा, तुई वांग्याची वाडी कोन्या गावाले हाय वो?"